इंदूरचा खड्डा आणि बेळगुंदीचा उकिरडा

उकिरड्याचेही बारा वर्षांनी पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. इंदूर येथील एका उकिरड्याचे पांग मात्र तीन महिन्यांतच फिटत असत, आणि तेही दरवर्षी, ठरल्या दिवशी, वहीत नोंद होऊन. त्या उकिरड्याची हकीकत १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि तेथून ती केनियाच्या कॉफीच्या मळ्यांत, आसामच्या चहाच्या बागांत, इंग्लंड-अमेरिकेच्या शेतकऱ्यांत गेली. आज जगभर ज्या शेतीस 'सेंद्रिय शेती' म्हणून ओळखतात, तिच्या मुळाशी जी थोडी पुस्तके आहेत, त्यांतील हे एक होय. पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन नावे आहेत: एक अल्बर्ट हॉवर्ड आणि दुसरे यशवंत डी. वाड. पहिले नाव जगाने डोक्यावर घेतले. दुसरे नाव मराठी कानाला अगदी घरचे वाटते. परंतु मराठी घरांत ते कितीजणांस ठाऊक असेल, याविषयी आम्हांस शंका आहे.

बेळगावच्या पश्चिमेस, राकसकोपच्या जलाशयाच्या अंगाला असलेल्या बेळगुंदी व आसपासच्या गावांतील वाचकांपुढे ही हकीकत मांडण्याचे आम्ही योजिले, त्यास कारण आहे. या भागातील माती तांबडी, पाऊस दांडगा आणि पिके भात, नाचणी, बटाटे व रताळी. रताळ्यांची पोती येथून दूरदूरच्या बाजारांत जातात. या सर्व मालाबरोबर मातीतला कसही गाव सोडून जातो. तो परत कसा आणावयाचा, हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इंदुरास विचारला गेला होता.

हॉवर्ड हे शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात झाला. केंब्रिजला शिकून ते प्रथम वेस्ट इंडीज बेटांत वनस्पतिरोगांचे संशोधक म्हणून गेले. तेथे त्यांस एक गोष्ट खटकली. उसाच्या रोगावर आपण प्रयोगशाळेत बसून लिहितो, पण आपल्या हाती ऊस पिकविण्यास वावभर जमीनही नाही. मग आपला सल्ला शेतकऱ्याने का मानावा? १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. या बाईही केंब्रिजच्या शास्त्रज्ञ होत्या. पाने सूर्यप्रकाशात अन्न कसे तयार करतात, यावरील त्यांचे संशोधन विवाहापूर्वीच मान्यता पावले होते. पुसा येथे या दांपत्याने गव्हाचे नवे वाण काढले, आणि पुसा ४ व पुसा १२ ही नावे पुढे पुष्कळ वर्षे शेतकऱ्यांच्या तोंडी राहिली.

पुसा येथे हॉवर्ड यांच्याकडे बैलांच्या काही जोड्या होत्या. त्यांचा चारा त्यांनी स्वतःच्या, भरपूर कुजलेले खत दिलेल्या जमिनीत पिकविला होता. शेजारच्या गोठ्यातील जनावरांस लाळ-खुरकुत झाली, ती जनावरे कुंपणापलीकडून या बैलांच्या तोंडाला तोंड लावीत, तरीही आपले बैल निरोगी राहिले, असे ते सांगत. त्यांच्या चाहत्यांनी ही गोष्ट पुढे फार रंगवून सांगितली आहे. आमच्या मते तिजवर जपूनच विश्वास ठेवावा. ती डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे, तुलनेसाठी दुसरी जनावरे ठेवून केलेला प्रयोग नव्हे. आणि कोणी गोपालक ती वाचून आपल्या जनावरांस लस टोचून घेण्याचे टाळील, तर ते अविचाराचे होईल.

पुसाच्या संस्थेत वनस्पतीचे खाते वेगळे, रसायनाचे वेगळे, किडीचे वेगळे, बुरशीचे वेगळे. एकाच रोपावर चार खाती चार अहवाल लिहीत आणि रोप मात्र मधल्या मध्ये उभे. या पद्धतीस कंटाळून हॉवर्ड दांपत्याने निराळी संस्था मागितली, आणि १९२४ साली इंदुरास ती उभी राहिली. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला व होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. येथे रसायनशाखेचे मुख्य साहाय्यक होते यशवंत वाड. कोणत्या दिवशी ढिगाचा ताव किती, त्यात नत्र किती, कर्ब किती उरला, हे मोजल्यावाचून खताची रीत म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट राहिली असती. तिला शास्त्राचा दर्जा आला तो रसायनशाळेतील या मोजमापामुळे.

आता ती रीत काय होती, ते थोडे विस्ताराने सांगतो. कारण हिच्यात चमत्कार काही नाही, आणि तेच तिचे मोठेपण आहे.

गोठ्याची जमीन मातीचीच ठेवावयाची आणि वरची माती भुसभुशीत करून पसरावयाची, म्हणजे जनावरांचे मूत्र तीत मुरते. आपल्याकडे शेण तेवढे धन समजले जाते व मूत्र नाल्यात जाते. वास्तविक जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा मूत्रातच असतो. ही माती तीन-चार महिन्यांनी खणून काढून, बारीक करून ठेवीत व जागी नवी माती घालीत. शेतातला सर्व काडीकचरा, म्हणजे तण, पाला, धाटे, पेंढा, एकत्र मिसळून जनावरांखाली अंथरीत. कपाशीच्या व तुरीच्या पळाट्या फार कठीण. त्या कुजत नाहीत म्हणून सगळे जाळतात. इंदुरास त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवीत. बैलगाड्या येता-जाता त्यांचा चुरा करीत आणि त्यासाठी निराळी मजुरी पडत नसे. ही युक्ती वाचली तेव्हा आम्हांस मोठे कौतुक वाटले.

खड्डे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघे २ फूट खोल असत. खोली कमी, कारण आत हवा खेळली पाहिजे. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, मूत्राची माती, लाकडाची राख आणि पाण्याचा शिडकावा, असे थरांवर थर रचीत. जुन्या खड्ड्यातील, बुरशी धरलेला थोडा ऐवज काल्यात मिसळीत. दह्याला विरजण लावावे तसाच हा प्रकार. मग सोळाव्या दिवसाच्या सुमारास पहिली पालट, महिन्याने दुसरी आणि दोन महिन्यांनी तिसरी. आधी बुरशीचे काम चालते, नंतर जिवाणूंचे. ढीग तापतो, मग निवतो, आणि नव्वद दिवसांच्या सुमारास हाती येते ती काळसर, भुसभुशीत, मातीचा सुगंध असलेली वस्तू. तिला दुर्गंधी येत असेल, तर समजावे की पाणी जास्त झाले किंवा हवा कमी पडली.

कच्चा पालाच शेतात गाडला तर एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वाड यांच्या शास्त्रातच आहे. काडीकचऱ्यात कर्ब फार व नत्र थोडे. तो मातीत गाडला की कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि तेवढे दिवस पीक उपाशी राहून पिवळे पडते. शेणमूत्र मिसळून कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे तेहतीसास एक करावयाचे आणि ते दहास एकपर्यंत उतरले की मगच खत शेतात न्यावयाचे, हे इंदूरच्या रीतीचे गमक होय. पीक खातात ती पंगत आणि खत शिजते तो चुलवण एकाच जागी नको, असे म्हणा ना.

१९३० साली गॅब्रिएलबाई निवर्तल्या. दुसऱ्या वर्षी हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला, आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या छापखान्यातून हॉवर्ड व वाड यांचे पुस्तक बाहेर पडले; शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत कसे करावे, हा त्याचा विषय. १९३५ साली गांधीजी इंदुरास आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि 'हरिजन' पत्रातून या रीतीस प्रसिद्धी दिली. हॉवर्ड यांस १९३४ साली 'सर' ही पदवी मिळाली. १९४० साली त्यांचा दुसरा ग्रंथ निघाला, आणि लॉर्ड नॉर्थबोर्न यांच्या त्याच वर्षीच्या ग्रंथातून शेतीस 'सेंद्रिय' हे विशेषण इंग्रजीत रूढ झाले. १९४२ साली अमेरिकेत रोडेल यांनी या विषयाचे मासिक सुरू केले, १९४३ साली लेडी ईव्ह बाल्फोर यांनी 'जिवंत माती' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले, आणि १९४६ साली इंग्लंडात 'सॉइल असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. एका खड्ड्यापासून झालेला हा पसारा पाहून मन थक्क होते.

विद्वानांचे मोठेपण हल्ली मोजदादीने ठरवितात. अमक्याच्या निबंधाचा दाखला किती जणांनी दिला, कोणत्या नियतकालिकात दिला, यावरून त्याच्या संशोधनाचा प्रभाव ठरतो, आणि त्यावर बढती व अनुदान अवलंबून असते. ही रीत सर्वथा वाईट, असे आम्ही म्हणत नाही. परंतु या तागडीत वाड यांचे वजन काय भरेल? पुढील बहुतेक लेखकांनी 'हॉवर्ड यांची इंदूर पद्धत' असेच लिहिले. ज्याने मोजले त्याचे नाव गळाले आणि ज्याने सांगितले त्याचे राहिले. तागडीचा दुसरा दोष असा की शेतकरी दाखले देत नाही. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांस लोक नाडेप काका म्हणत, यांनी विटांचे, भोकांच्या भिंतींचे, १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाके बसविले. त्यात थोड्या शेणात पुष्कळ खत होते व पालटण्याचे श्रम वाचतात. अशी टाकी गावोगाव उभी राहिली. ती बांधणाऱ्या गवंड्याने कोणत्या निबंधात तळटीप दिली?

आपल्या सीमेलगतचे उदाहरण म्हणजे कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. झाडाच्या एका पानावर दिवसाला किती ऊन पडते व त्याचे अन्न किती होते, याचे हिशेब ते साध्या शेतकऱ्याकडून मांडून घेत. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त तासगावकडील द्राक्षबागायतदार आपापले प्रयोग एकमेकांस कळवीत. शास्त्रज्ञ कोण व शिष्य कोण, हा भेदच उरत नसे. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह व्हावा, हे त्यांचे स्वप्न होते. ते स्वप्न आम्हांस थोडे आशावादी वाटते. मुलांचे शिक्षण व घरातली आजारपणे दहा गुंठ्यांत भागत नाहीत. पण शेतकऱ्याने मोजावयास शिकावे, हा त्यांचा आग्रह सोन्यासारखा आहे.

उत्पन्नाविषयी आता स्पष्ट बोलावयास हवे, कारण घरप्रपंच त्यावर चालतो. स्वित्झर्लंडात १९७८ पासून सेंद्रिय व चालू शेतीचे वाफे शेजारी शेजारी ठेवून तुलना चालली आहे. एकवीस वर्षांचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सेंद्रिय वाफ्यांत उत्पन्न सुमारे २० टक्के कमी आढळले. खते मात्र ३४ ते ५३ टक्के कमी लागली होती व माती अधिक सजीव होती. २०१२ साली जगभरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा पीक व परिस्थिती यांप्रमाणे ही तूट ५ पासून ३४ टक्क्यांपर्यंत निघाली.

आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते इंदूरच्या दक्षिणेस, निमाडातील खरगोन जिल्ह्यात २००७ साली सुरू झालेले काम. काळ्या मातीत कापूस, सोयाबीन व गहू ही पिके घेऊन तेथे अशीच तुलना केली गेली. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस २९ टक्के व गहू २७ टक्के कमी पिकला. पुढच्या दोन वर्षांत दोन्हींचे उत्पन्न सारखेच राहिले. मात्र त्याचे कारण सेंद्रिय वाफे वर चढले हे नसून रासायनिक वाफे खाली आले, हे होते. खर्च कमी असल्याने त्या दोन वर्षांत सेंद्रिय शेतीचा नफा २५ टक्के अधिक आला. पण पहिल्या दोन वर्षांची ती तूट कोणी सोसावयाची? ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे तो? की ज्याने दुसऱ्याची जमीन वर्षाच्या कराराने कसावयास घेतली आहे तो? खंडाची जमीन पुढल्या वर्षी हाती राहील की नाही, हे ठाऊक नसता तीत तीन वर्षांनी फळणारे खत कोण घालील? संशोधकांनी मातीचे उत्तर दिले आहे. या प्रश्नाचे उत्तर मातीत नाही.

घाईने काय होते, हे श्रीलंकेने दाखविले. एप्रिल २०२१ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. तेवढ्या जमिनीस पुरेल इतके दुसरे खत देशात नव्हते. भाताचे व चहाचे पीक खालावले, शेतकरी रस्त्यावर आले, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. जे खत तयार होण्यास तीन महिने व जिरण्यास तीन वर्षे लागतात, ते हुकुमाने एका हंगामात होत नाही.

आमच्या कर्नाटकाने २००४ साली सेंद्रिय शेतीचे धोरण जाहीर केले, आणि धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र संस्था आहे. तेथील मंडळींकडे बेळगुंदीच्या शेतकऱ्याने कोणते प्रश्न घेऊन जावे, याचा थोडा विचार करू.

पहिला प्रश्न जनावरांचा. इंदूरच्या रीतीचा सारा हिशेब बैलांवर बसविलेला होता. आज नांगरणी ट्रॅक्टरने होते आणि ज्या दावणीला चार जनावरे असत तेथे एखादी म्हैस उरली आहे. शेणाचे मोल म्हणूनच वाढले, आणि जे आहे ते पुरवून वापरणे भाग आहे. नाडेप काकांचे टाके येथे उपयोगी पडते. गोठ्यातली मूत्राची माती तर एका म्हशीच्या गोठ्यातही करता येते, आणि तिला पैसा लागत नाही.

दुसरा प्रश्न पालाश्याचा. रताळी व बटाटे ही पिके पालाश फार घेतात. रताळ्याचे वेल जनावरांस घातले तर त्यांतला अंश शेणमूत्रातून तरी परततो. पोत्यातून गेलेला कायमचा जातो. घरच्या काडीकचऱ्याचे खत कितीही उत्तम असले, तरी घरात नाही ते त्यात कोठून येणार? लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० साली हाच मुद्दा मांडला होता, आणि हॉवर्ड यांनी त्याच्या अनुयायांवर कितीही टीका केली तरी मुद्दा खोटा ठरत नाही. चुलीची राख हा आपला जुना उपाय. पण गॅसच्या शेगड्या आल्यापासून राखही आटली. अशा वेळी माती तपासून, लागेल तेवढा पालाश बाहेरून घालण्यात काही पाप नाही, असे आमचे मत आहे. सेंद्रिय प्रमाणपत्र हवे असणाऱ्यांनी मात्र त्याचे नियम आधी विचारून घ्यावेत.

याच प्रश्नाची दुसरी बाजू शहराची आहे. राकसकोपचे पाणी बेळगाव शहर पिते, या भागाची भाजी व बटाटे शहर खाते. परत काय येते? १९३९ साली बंगळुरास शहरी केरकचरा व मैला खंदकांत थरांनी झाकून कुजविण्याची पद्धत बसविण्यात आली, ती याच हेतूने. आजच्या शहरी केरात प्लास्टिक, काच व बॅटऱ्यांचे तुकडे मिसळलेले असतात. ते खत शेतात घालण्यास शेतकरी कचरतो, आणि ते योग्यच आहे. ओला कचरा घरातच वेगळा ठेवला जात नाही तोवर शहराचे देणे फिटणार नाही.

निपाणीकडील ऊसकऱ्यांचे दुखणे निराळे. तोडणी झाली की पाचट पेटविण्याची चाल आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट अर्ध्या तासात जळते. त्याबरोबर कर्ब व नत्र धुरात जातात आणि वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. हे पाचट सरीआड पसरून त्यावर शेणकाला शिंपडला, तर जागच्या जागीच कुजते व पाणीही कमी लागते. खोडव्यास याचा गुण लवकर दिसतो.

राहता राहिला पाऊस. इंदूरपेक्षा बेळगुंदीचा पाऊस पुष्कळ जास्त, आणि येथे कोणी पुस्तक वाचून मृगाच्या तोंडावर खड्डा खणला, तर आषाढात त्याचे डबके होऊन सारा ऐवज सडेल. याची तजवीज हॉवर्ड व वाड यांनी करून ठेवलीच आहे: पावसाळ्यात खड्डा सोडून जमिनीवर ढीग रचावेत. जागा उंचवट्याची घ्यावी, भोवती चर काढावा, ढीग कमरेएवढ्यापेक्षा फार उंच नसावा, वर पेंढ्याचे किंवा जुन्या पत्र्याचे छप्पर करावे. आमच्याकडील धूळवाफ पेरणी मे महिन्याच्या अखेरीस होते, म्हणजे तिला लागणारे खत फेब्रुवारीत रचावयास घ्यावे. तेव्हा पाणी हाताने घालावे लागेल, पण पालटण्यास माणसे मिळतात. दिवाळीनंतर बटाट्यासाठी हवे असेल, तर श्रावणात तण बेणताना निघालेले गवत बांधावर फेकू नये. पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांवरच वापरावे, शेजारचे दोन गुंठे नेहमीप्रमाणे ठेवावेत, आणि दोन्हींची पोती वेगवेगळी मोजून वहीत लिहावीत.